डावा बंद आहे म्हणे

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. तुमच्यापैकी कोणी माझा मित्र आहे असा माझा मुळीच समज नाही. तुमच्या घरात माझे भाऊबंद कसे राहतात ते मला ठाऊक आहे. ड्रॉवरमध्ये चार्जरच्या गुंत्यात, सोफ्याच्या फटीत, नाहीतर बॅगेच्या तळाशी बिस्किटाच्या चुऱ्यात. पिन काढायची तर वायरला धरून ओढता आणि वायर तुटली की कंपनीला शिव्या देता. त्यामुळे गोड बोलायला मी आलेलो नाही. माझ्यावर एक खोटा आळ आला होता. तो अकरा दिवस टिकला आणि त्या अकरा दिवसांत एका माणसाचा कान जात होता. ती हकीकत सांगायची आहे, तेवढी ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन वाट्या, प्रत्येकीत एक पातळ पडदा, वर मऊ गाद्या, डोक्यावरून जाणारी पट्टी आणि डाव्या वाटीतून निघणारी एक लांब वायर, एवढाच माझा पसारा. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी मला कानाला लावलं, दोन्ही बाजू ऐकल्या आणि ठीक असल्याचा शिक्का मारला. त्यांना अर्धं मिनिट लागलं. पुढे ज्या शिकलेल्या माणसांच्या घरात मी राहिलो, त्यांना हे अर्धं मिनिट अकरा दिवसांत सापडलं नाही.

त्या घराचे कर्ते भाऊसाहेब. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं फायली वाचून ते निवृत्त झाले आणि मुलाकडे, गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत, चौदाव्या मजल्यावर राहायला आले. निवृत्तीनंतर पहिली खरेदी म्हणून ते मला घ्यायला दिल्लीच्या नेहरू प्लेसला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. त्यांची बायको कुमुद सोबत होती आणि मुलगा सुधन्वा घाईत होता. भाऊसाहेबांनी कागदावर रीतसर टिपण करून आणलं होतं. स्वतःचा फोन आणला होता, पाठ असलेली दोन नाट्यगीतं आणली होती आणि चष्मा घालून वीस मिनिटं मला डोक्यावर ठेवून ते दुकानात उभे राहिले. चष्म्याच्या काड्या कानामागे टोचतात का, कानशिलं दुखतात का, मान हलवली तर मी घसरतो का, सगळं त्यांनी पाहिलं.

"अंकल, लेना है या पूरा गाना यहीं सुनना है?" दुकानदार म्हणाला.

"दोनों," भाऊसाहेब म्हणाले.

माझ्या शेजारी एक देखणा भाऊ बसला होता. त्याच्या वाट्यांना मागून जाळी होती. घरात एकट्याने ऐकायला तो माझ्याहून सरस होता, हे मी आजही कबूल करतो, कारण जाळीमुळे आवाज मोकळा वाटतो. पण जाळीतून आवाज बाहेरही सांडतो. कुमुदताई दोन पावलांवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याचं सगळं मला ऐकू येतंय. तुमची गाणी चाळीस वर्षं ऐकली, आता पुरे." मग मला लावून पाहिलं. माझ्या वाट्या बंद आहेत. कुमुदताईंना काही ऐकू आलं नाही आणि मेट्रोतला गोंगाटही आत येणार नव्हता. घर आणि प्रवास दोन्हीला चालेल, म्हणून मला घेतलं.

सुधन्वाने तोंड वाकडं केलं. "बाबा, वायर? आजकाल वायर कोण वापरतं यार!"

"वायरीला चार्ज करावं लागत नाही," भाऊसाहेब म्हणाले. तो दिवस मला अजून आवडतो.

पुढची काही वर्षं बरी गेली. सकाळी बाल्कनीत नाट्यगीतं, मेट्रोत बातम्या, सुट्टीत गावी साताऱ्याला जाताना गाडीत अख्खा दिवस मी त्यांच्या कानावर. आणि दरवर्षी जानेवारीत माझं खास काम असे. चौदा जानेवारीला दिल्लीची मराठी मंडळी बसने पानिपतला जातात, काला अंबच्या स्मारकापाशी उभी राहतात. तिथे भाऊसाहेब पंधरा मिनिटं बोलायचे. भाषण आधी फोनवर रेकॉर्ड करायचं, मग मला लावून ऐकायचं आणि चुकलेल्या जागा सुधारायच्या, ही त्यांची रीत. पानिपतच्या लढाईत डाव्या बगलेला कोण होतं आणि उजव्या बगलेला कोण, ते मला तोंडपाठ झालं होतं.

मग गाद्यांचं काळं आवरण सुटायला लागलं. भाऊसाहेबांच्या पांढऱ्या केसांत त्याचे कपटे दिसायचे. सुधन्वा म्हणाला, फेकून द्या. कुमुदताईंनी एका जुन्या सुती साडीची दोन गोल खोळी शिवून मला चढवल्या. तेवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो, कारण पुढे या घराविरुद्ध बरंच लिहायचं आहे. वाट्यांवर कोरलेली एल आणि आर ही अक्षरं तोवर घासून गेली होती. भाऊसाहेबांना त्यांची गरज नव्हती. ज्या वाटीतून वायर निघते ती डावी, हे त्यांना माहीत होतं.

आता तीन जानेवारीची सकाळ. बाहेर धुकं इतकं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. घरातला प्रत्येक जण शिंकत होता. भाऊसाहेब उठले तेव्हा त्यांचा डावा कान भरल्यासारखा झाला होता आणि आत बारीक शिटी वाजत होती. सर्दी आहे, उतरेल, असं म्हणून त्यांनी कानटोपी घातली. चहानंतर ती काढून मला घातलं आणि भाषणाचं रेकॉर्डिंग लावलं.

मी दोन्ही बाजूंनी बोललो. शपथेवर सांगतो, दोन्ही बाजूंनी सारखंच बोललो. उजवीकडे माझा आवाज आत गेला. डावीकडे मी भिंतीशी बोलत होतो.

भाऊसाहेबांनी वायर हलवली, पिन काढून पुन्हा घातली. मग हाक मारली, "रेवती, जरा बघ गं. हेडफोनचा डावा बंद पडलाय."

रेवती म्हणजे सुधन्वाची मुलगी, नववीतली. जन्म दिल्लीतला, शाळा दिल्लीतली, मैत्रिणी सगळ्या हिंदी बोलणाऱ्या. हुशार आहे, हे मी नाकारत नाही. पण घरात तिचे आईबाप लेफ्ट आणि राइट म्हणतात, बाहेर सगळे बायाँ आणि दायाँ म्हणतात. डावा-उजवा म्हणणारा घरात एकच माणूस, तिचे आजोबा. तिने 'डावा' ऐकलं आणि तिच्या डोक्यात सरळ 'दायाँ' उमटलं. इतकं जवळचं ऐकू येतं ना ते! डावा म्हणजे राइट, हे तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं आणि कोणी तपासलं नव्हतं.

तिने माझी उजवी वाटी कानाला लावली. "आजोबा, ठीक तर आहे! एकदम क्लियर आहे."

"अगं नाही, डावा बघ, डावा."

"तोच बघतेय ना!"

भाऊसाहेब 'वायरवाला' म्हणाले असते तरी काम झालं असतं. नाही म्हणाले. रेवतीने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन एक रेघ शोधून काढली. तिच्या एका टोकाला एल, दुसऱ्या टोकाला आर आणि मध्ये एक ठिपका. ठिपका मध्ये असेल तर आवाज दोन्हीकडे सारखा वाटला जातो. आजोबांना राइटला कमी ऐकू येतंय, मग तिकडे जास्त द्यावं, असा भला विचार करून तिने तो ठिपका पार उजव्या टोकाला नेला. आवाजही वाढवला. आणि ट्यूशनला निघून गेली.

मित्रांनो, यात काय झालं ते नीट समजून घ्या, कारण त्या घरात ते कोणालाच समजलं नाही. तोवर बिघाड होता तो कानात. आता फोनने माझ्या डाव्या वाटीकडे आवाज पाठवणंच बंद केलं. म्हणजे मीही डावीकडून मुका झालो. आता कोणीही मला घालून पाहिलं असतं तरी त्याने माझ्यावरच बोट ठेवलं असतं.

संध्याकाळी सुधन्वाने तेच केलं. मला डोक्यावर चढवलं, दोन सेकंद ऐकलं आणि निकाल दिला. "लेफ्ट गेलाय, बाबा. वायर आतून तुटली असणार. सांगत होतो मी." मग माझी वायर त्याने पिनेजवळ दुमडली, पिळली, पिनेवर फुंकर मारली, फोनच्या भोकात काडी घालून कचरा काढला. एकच गोष्ट केली नाही. मला दुसऱ्या फोनला लावून पाहिलं नाही. त्याच्या स्वतःच्या फोनला माझ्या पिनेचं भोकच नाही आणि लॅपटॉप बॅगेतून काढायचा त्याला कंटाळा आला. हा माणूस गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो.

"नवे मागवतो," तो म्हणाला. दहा मिनिटांत पिशवी दारात आली. आत कानात खुपसायचे दोन मणी, वायर नाही, पट्टी नाही, डबीत झोपणारे. बाहेरचा आवाज म्हणे ते गिळून टाकतात, प्रवासाला उत्तम. भाऊसाहेबांच्या फोनला जोडले. डावा बंद. सुधन्वाने स्वतःच्या कानात घालून पाहिले. डावा बंद. ठिपका तिथेच होता ना, टोकाला!

"पीसच खराब पाठवलाय," असं म्हणून त्याने ते परत केले आणि खाली एक चांदणी देऊन वाईट शेरा लिहिला. त्या बिचाऱ्या मण्यांशी माझं काही सख्य नव्हतं, पण तो शेरा अन्यायाचा होता.

तिकडे भाऊसाहेबांचा कान रोज आणखी आत बुडत होता. त्यांना ते कळत कसं नव्हतं, असं तुम्ही विचाराल. जानेवारीत इथे सगळ्यांच्याच कानांना दडे बसलेले असतात, सगळ्यांच्याच डोक्यावर कानटोप्या असतात. उजवा कान त्यांचा उत्तम होता. समोरून बोललेलं सगळं कळायचं. फक्त डावीकडून कोणी बोललं तर ते तिथेच विरायचं.

आणि डावीकडे कोण बसायचं? कुमुदताई. लग्नापासून जेवायला त्या त्यांच्या डाव्या हाताला बसतात. चार जानेवारीला त्यांनी विचारलं, भाजी वाढू का? उत्तर नाही. पाच तारखेला विचारलं, साताऱ्याला फोन केला का? उत्तर नाही. सहा तारखेला त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली, पानिपतच्या बसची वेळ. भाऊसाहेब शांतपणे भात कालवत राहिले.

"बहिरे झालात का?" कुमुदताई ओरडल्या.

तेवढं मात्र उजव्या कानाने ऐकलं. भाऊसाहेबांनी घास खाली ठेवला. "तुझं ओरडणं ऐकून झालो असेन!"

मी समोर खुंटीवर लटकत होतो. त्या घरात इतक्या दिवसांत खरं वाक्य एकच बोललं गेलं होतं आणि ते टोमणा म्हणून. कुमुदताई ताट घेऊन उठल्या. त्या दिवसापासून नवरा-बायकोचं बोलणं बंद. रेवतीची आई चेतना कामासाठी बंगळुरूला गेलेली, त्यामुळे मध्ये पडायला कोणी नव्हतं. सुधन्वाही चिडून बापाला म्हणाला, "बाबा, ऐकायचं नसेल तर तसं सांगा ना. इग्नोर कशाला करता?" तेही त्याने डावीकडून सांगितलं, म्हणून तेही गेलं.

नऊ तारखेला सुधन्वा मला पिशवीत कोंबून सेक्टरच्या मार्केटमध्ये घेऊन गेला. तिथे फोन दुरुस्त करणारा धीरज नावाचा एक माणूस छोट्या काउंटरवर बसतो. त्याने मला पाहिलं, साडीच्या खोळींवरून बोट फिरवलं आणि मला स्वतःच्या जुन्या फोनला लावलं. आधी एक बाजू, मग दुसरी. मग मला उलटं करून पुन्हा दोन्ही. कारखान्यातल्या त्या बाईंनंतर मला नीट तपासणारा हा पहिला माणूस.

"सर, हेडफोन तो एकदम ठीक है," धीरज म्हणाला. "फोन देख लो. नहीं तो जो पहनता है, उसका कान दिखा दो."

सुधन्वाचा चेहरा लाल झाला. "भाईसाहब, आप हेडफोन देखिए, कान का मैं देख लूँगा," असं म्हणून त्याने मला उचललं. वाटेत तो स्वतःशीच पुटपुटत होता, की हा माणूस काम करायला नको म्हणून काहीही सांगतो. घरी येऊन त्याने जाहीर केलं, "फोनच गेलाय बाबांचा. पानिपतहून आल्यावर नवा घेऊ." त्या माणसाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ह्याने सोयीची तेवढी घेतली. आणखी पाच दिवस गेले.

नंतर डॉक्टर जे बोलले ते मी आत्ताच सांगतो, म्हणजे हे पाच दिवस काय किमतीचे होते ते तुम्हाला कळेल. अचानक एका कानाचं ऐकू येणं गेलं, तर पहिले दोन-तीन दिवस सोन्यासारखे असतात. दोन आठवड्यांनंतर औषधाचा उपयोग फार थोडा होतो. आणि आम्ही अकराव्या दिवसाकडे निघालो होतो, बसमध्ये बसून, तिळगुळाचे डबे घेऊन.

चौदा जानेवारी. त्या दिवशी संक्रांतही होती, गोड बोलायचा दिवस. मंडळाची बस धुक्यातून रेंगाळत पानिपतच्या रस्त्याला लागली. भाऊसाहेबांनी हट्टाने मला गळ्यात अडकवलं होतं. अर्धा बंद असला तरी उजव्या बाजूने भाषण ऐकता येईल, म्हणून. ते उजवीकडच्या रांगेत खिडकीशी बसले आणि त्यांच्या डाव्या हाताला रेवती. कुमुदताई मुद्दाम पलीकडच्या रांगेत, सुधन्वाच्या शेजारी. बसभर हसणं-खिदळणं चाललं होतं आणि ही चार माणसं पोलीस चौकीत आणून बसवल्यासारखी गप्प होती.

मंडळाचे मुरलीधरराव हातात माइक घेऊन उभे राहिले. "मंडळी, नाश्त्याची पाकिटं येतायत. गडबड नको. आधी डावीकडची रांग. डावीकडच्यांनी हात वर करा!"

डावीकडच्या रांगेतले हात वर गेले. उजवीकडच्या रांगेतून एकच हात वर गेला, रेवतीचा.

"अगं बाळा, तू उजवीकडे बसलीयेस," मुरलीधरराव हसले.

"नाही काका, हा डावाच आहे ना. दायाँ."

बस खो खो हसली. मागून एक बाई म्हणाल्या, "डावा म्हणजे लेफ्ट गं! दिल्लीची पोरगी ती!" कोणीतरी म्हणालं, म्हणजे इतकी वर्षं आजोबांच्या भाषणात हिने अख्खं पानिपत उलटं लढवलं असणार. पुन्हा हशा. रेवतीही हसली. आणि हसता हसता तिचं हसू थांबलं.

मी ते जवळून पाहिलं. तिने हात खाली घेतला. स्वतःच्या दोन्ही तळहातांकडे पाहिलं. "डावा म्हणजे लेफ्ट," ती हळूच म्हणाली. मग आजोबांच्या मांडीवरचा फोन उचलला, ती रेघ काढली. ठिपका पार टोकाला बसलेला. तिने तो मध्ये आणला.

"आजोबा, आता ऐका."

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. ती त्यांच्या डावीकडून बोलत होती. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, मला त्यांच्या गळ्यातून वर उचलून कानांवर बसवलं आणि भाषण लावलं. अकरा दिवसांनी माझ्या डाव्या वाटीत आवाज आला. मी जिवाच्या आकांताने बोललो.

"डावा बंदच आहे," भाऊसाहेब म्हणाले.

रेवतीने मला काढून स्वतःच्या कानांवर घातलं. दोन्हीकडे आजोबांचा आवाज, स्वच्छ. आणि मग तिने ते केलं जे तिसऱ्या तारखेला करायला हवं होतं. मला उलटं केलं. वायरवाली वाटी आजोबांच्या उजव्या कानावर ठेवली, दुसरी डाव्यावर.

"आता?" तिने त्यांच्यासमोर वाकून मोठ्याने विचारलं.

"आता... उजव्यात येतंय. डावा बंद."

"आजोबा, पण मी उलटा घातलाय." तिने उजव्या वाटीला बोट लावलं. "बंदवाला तुमच्या उजव्या कानाला आहे. तिथे येतंय ना? मग बंद काय आहे?"

भाऊसाहेबांनी हात वर नेला. वायर उजवीकडून लोंबत होती. ती त्यांनी बोटाने चाचपली. चौतीस वर्षं फायली वाचलेला माणूस, दोन ओळी वाचून त्याला तिसरी कळते. त्यांनी मला काढून मांडीवर ठेवलं.

"हेडफोन नाही," ते म्हणाले. "कान आहे."

रेवती रडायला लागली. "मी सेटिंग उलटं केलं आजोबा, मला वाटलं डावा म्हणजे..." ते सगळं ती पुन्हा डावीकडे बसून, हुंदके देत बोलत होती. भाऊसाहेबांना त्यातलं काही कळलं नाही.

कुमुदताईंना मात्र कळलं. त्या पलीकडून सगळं पाहत होत्या. भाजी, साताऱ्याचा फोन, बसची वेळ आणि तो टोमणा, सगळं त्यांच्या तोंडावर एकामागून एक उमटताना मी पाहिलं. त्या उठल्या. सुधन्वा म्हणाला, "आई, बस, घरी गेल्यावर ईएनटीला दाखवू, उद्याची अपॉइंटमेंट घेतो."

"तू गप्प बस," कुमुदताई म्हणाल्या. "अकरा दिवस तूच दाखवतोयस." मग पुढे ओरडल्या, "मुरलीधरराव, पानिपतमध्ये कानाचा डॉक्टर कुठे आहे? बस आधी तिकडे घ्या."

भाऊसाहेबांना एवढं ऐकू आलं. "आधी स्मारक. भाषण झाल्यावर बघू."

कुमुदताई त्यांच्या आणि खिडकीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरल्या. गुडघा आपटला, तरी शिरल्या. त्यांच्या उजव्या कानाशी वाकल्या. आठवड्यात पहिल्यांदा त्या नवऱ्याशी बोलत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "ऐका माझं."

भाऊसाहेबांनी ऐकलं.

पानिपतचे डॉक्टर सणाचा दिवस असूनही दवाखान्यात होते. त्यांनी एक लोखंडी काटा वाजवून भाऊसाहेबांच्या कपाळावर ठेवला आणि विचारलं, आवाज कुठल्या बाजूला येतो. उजवीकडे, भाऊसाहेब म्हणाले. मग बंद खोलीत बसवून तपासणी झाली. सर्दी नव्हती, मळ नव्हता. बिघाड आतल्या नसेत होता.

"ग्यारह दिन? बहुत देर कर दी आपने," डॉक्टर म्हणाले. "पहले दो-तीन दिन में आते तो उम्मीद ज़्यादा थी. चलिए, दवा आज से शुरू करते हैं. किसी को पता नहीं चला?"

सुधन्वा जमिनीकडे बघत होता. मी त्याच्याच हातात होतो आणि त्याने मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी पट्टी वाकली. शेवटी रेवतीने उत्तर दिलं. "हमें लगा हेडफोन ख़राब है."

औषधं झाली, सुया झाल्या. कान थोडा परत आला. दाराची घंटा डावीकडून कळते. कुकरची शिटी कळते. माणसाचं बोलणं डावीकडून अजून नुसतं गुणगुणल्यासारखं येतं आणि डॉक्टर म्हणतात आता याहून फारसं सुधारणार नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत गेले असते तर किती ऐकू आलं असतं, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारत नाही. मी विचारतो. माझं ऐकू येत नसेल तुम्हाला, पण मी रोज विचारतो.

आता माझं काय झालं, तेही सांगतो. सुधन्वाने माझी माफी मागितली नाही. धीरजची तर नाहीच. एक चांदणी मिळालेल्या त्या मण्यांवरचा शेराही त्याने पुसलेला नाही. रेवतीने मात्र औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी कापून माझ्या वायरवाल्या वाटीवर लावली आणि तिच्यावर पेनाने 'डावा' लिहिलं. अक्षर फार वाईट आहे. भाऊसाहेबांच्या फोनमध्ये तिने दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दिलाय, म्हणजे गाण्यातलं काही एकाच कानात अडकून हरवत नाही. ते सेटिंग बदलण्याआधी तिने आजोबांना समोर बसवून तीनदा विचारलं. आणि जेवणाच्या टेबलावर कुमुदताईंनी लग्नापासूनची आपली डावीकडची खुर्ची सोडली. आता त्या उजवीकडे बसतात. डावीकडच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर मला लटकवतात.

तिथून मी हे सांगतोय. तेव्हा मित्रांनो, एका बाजूचा आवाज गेला तर मला आपटू नका, पिळू नका, माझ्या नावाने शेरे लिहू नका. दुसऱ्या फोनला लावा. रेघेवरचा ठिपका बघा. आणि मग मला काढून उलटा घाला. शांतता माझ्याबरोबर त्या कानावरून या कानावर आली, तर मी वाईट आहे, खुशाल फेकून द्या. पण मी सरकलो आणि ती तिथेच बसून राहिली, तर मला टेबलावर ठेवा आणि पायात चपला घाला. त्याच दिवशी.